पर्याय भरण्याआधी आठवडाभर किरणोपचार विभागात बसा

नीट-पीजीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा : मेडिसिन मिळेल का, रेडिओलॉजी हाती लागेल का? रेडिएशन ऑन्कॉलॉजीचं नाव निघालंच, तर 'म्हणजे एक्स-रे काढायचे का?' असं आईवडील विचारतात आणि विषय तिथेच संपतो. इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे : पर्याय भरण्याआधी एक आठवडा किरणोपचार विभागात बसा.

या उपचाराला रुग्ण 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट' म्हणतात. कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा तो लागतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला, तरी कित्येक बायका याच उपचाराने, सोबत थोड्या केमोने बऱ्या होतात. हाडात पसरलेल्या आजाराने कूस बदलता येत नाही, अशा माणसाला कधी कधी ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एकच शेक पुरतो. आजार जात नाही, पण बहुतेकांचं दुखणं उतरतं, रात्रीची झोप लागते.

डॉक्टर प्लॅनिंगला बसले की शेजारी खुर्ची ओढा. समजा, तंबाखूने घसा धरलेला रुग्ण आहे. सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर डॉक्टर रेषा आखत जातात : गाठ इथवर, मज्जारज्जू इथे, कानाखालची लाळेची ग्रंथी इथे. मग मेडिकल फिजिसिस्ट किरणांचा हिशोब मांडतात. गाठीला ७० ग्रेच्या आसपास मात्रा पोचवायची आणि ती ग्रंथी सरासरी २६ ग्रेच्या आत राखायची धडपड करायची. कारण ती गेली की लाळ आटते, आणि लाळेवाचून भाकरीचा घास उतरत नाही. उद्या हा माणूस भाकरी चावून खाणार की दुधात कुस्करून, हे बऱ्याच अंशी त्या रेषेवर ठरतं.

असा रुग्ण आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे येतो. तोंड सोलवटतं, वजन उतरतं, धीर सुटतो. तेव्हा त्याला सांभाळणारा डॉक्टर तुम्ही असता.

अडचणीही ऐका. यात स्वतःचा छोटा दवाखाना थाटता येत नाही. यंत्र कोट्यवधींचं, खोलीच्या भिंती जाड काँक्रीटच्या, परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाचा. म्हणजे बहुधा नोकरीच. भौतिकशास्त्राचा कंटाळा असेल तर येऊ नका. मृत्यूही जवळून पाहावे लागतील. पण एमबीबीएसनंतर तीन वर्षांच्या एमडीत तुम्ही थेट कर्करोगतज्ज्ञ होता. मेडिकल ऑन्कॉलॉजीला साधारणपणे एमडीवर आणखी तीन वर्षांचं डीएम करावं लागतं.

आणि गरज मोठी आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारी किती कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन् महिने राहतात, ते एकदा पाहून या. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. तसं आणखी गावांत व्हायचं, तर यंत्राइतकीच तिथे जाणारी माणसंही हवीत.

पालकांनो, शेजारच्या मुलाने काय घेतलं हे विचारू नका. तुमच्या लेकराला तो आठवडा मिळू द्या. आणि मुलांनो, शनिवारी निघण्याआधी, उपचार संपवून काही महिन्यांनी तपासणीला आलेल्या एखाद्या रुग्णाशेजारी बसा. 'काका, आज काय जेवलात?' एवढंच विचारा. मग घरी जाऊन पर्याय भरा.