सू बिंगत्यानचे दहा सेकंद

चीनच्या सू बिंगत्यानने ३० मे २०१५ रोजी अमेरिकेतील युजीन येथे १०० मीटरची शर्यत ९.९९ सेकंदांत पूर्ण केली. आशियात जन्मलेला धावपटू प्रथमच दहा सेकंदांच्या आत धावला होता. या पराक्रमाचे मोल कमी करणारे तीन आक्षेप वारंवार घेतले जातात: पूर्व आशियाई शरीर वेगासाठी घडलेलेच नाही, त्यामुळे सू हा केवळ अपवाद, त्याची उंची बेताची, म्हणजे हा योगायोग, आणि श्रेय द्यायचेच तर ते परदेशी प्रशिक्षकाला. त्याच्या कारकिर्दीची पहिली वर्षे तपासली, तर यातला एकही आक्षेप टिकत नाही.

पहिल्या आक्षेपाला इतिहासाचा आधार दिला जातो. १९३२ साली लियू चांगचुन चीनचा एकमेव खेळाडू म्हणून लॉस एंजेलिस ऑलिंपिकला गेला आणि १०० मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाद झाला. पण इतिहास तिथे थांबत नाही. जपानच्या कोजी इतोने १९९८ साली १०.०० सेकंदांची नोंद केली. चीनच्या लियू शियांगने २००४ साली अथेन्समध्ये ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत विश्वविक्रमाशी बरोबरी साधून सुवर्णपदक जिंकले. चीनचाच झांग पेइमेंग २०१३ साली मॉस्कोत १०.०० सेकंदांत धावला. सूनंतर जपानचा योशिहिदे किर्यू आणि चीनचाच शिए झेनये हेही दहाच्या आत आले. ज्याच्या मागेपुढे इतके जण उभे आहेत, त्याला अपवाद कसे म्हणायचे?

उंचीचा आक्षेपही असाच लटका आहे. सूची उंची सुमारे १ मीटर ७२ सेंटिमीटर. परंतु वेग ठरतो तो पावलाची लांबी आणि पावलांची गती या दोहोंच्या गुणाकारातून. १९९९ साली ९.७९ सेकंदांचा विश्वविक्रम करणारा मॉरिस ग्रीनही फार उंच नव्हता. ठेंगण्या धावपटूला झपाट्याने पावले टाकता येतात आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा फायदा होतो. २०१४ च्या जागतिक इनडोअर स्पर्धेत ६० मीटरमध्ये सू चौथा आला, तो याच बळावर.

त्याची प्रगती पाहिली, तर योगायोगाची भाषा आपोआप गळून पडते. २०११ साली हफेई येथे १०.१६ सेकंदांत धावून त्याने १९९८ पासूनचा १०.१७ चा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि त्याच वर्षी कोबे येथे आशियाई विजेतेपद मिळवले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली. २०१३ साली तो १०.०६ वर आला. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत त्याला रौप्य मिळाले. सतरा शतांश सेकंद कमी करायला चार वर्षे लागली. नशिबाची चाल इतकी शिस्तीची नसते.

त्यातही एक निर्णय विशेष बोलका आहे. २०१४ च्या मोसमानंतर त्याने स्टार्टिंग ब्लॉकमध्ये पुढे ठेवायचा पाय बदलला. राष्ट्रीय विक्रम ज्या सवयीने मिळवून दिला, तीच मोडायची होती. पुढचा पाय बदलला की ब्लॉकमधून बाहेर पडण्याचा जोर, पहिली काही पावले आणि पुढची सगळी लय नव्याने बसवावी लागते. पंचविशीतल्या प्रस्थापित धावपटूने हा धोका पत्करला आणि पुढच्याच मोसमात ९.९९ ची नोंद केली.

राहिला परदेशी प्रशिक्षकाचा मुद्दा. अमेरिकन प्रशिक्षक रँडी हंटिंग्टन सूच्या आयुष्यात आले ते २०१७ मध्ये. तोवर चिनी प्रशिक्षक युआन गुओच्यांग यांच्या मार्गदर्शनाखाली तो दोनदा ९.९९ सेकंदांत धावला होता. दुसरी नोंद ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीतली, आणि तिनेच त्याला अंतिम फेरीत नेले. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमधील ९.८३ सेकंदांत हंटिंग्टन यांचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती इमारत आधी घातलेल्या पायावर उभी राहिली.

सूची सुरुवातीची वर्षे तीन गोष्टी सिद्ध करतात. कोवळ्या वयापासून सलग मार्गदर्शन हवे, तंत्रातला दोष नेमका हेरणारी नजर हवी आणि निकालासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी हवी. वंशाकडे बोट दाखवले की प्रशिक्षक घडवण्याची, धावपट्ट्या बांधण्याची आणि मुलांना वेळ देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. म्हणूनच सूला अपवाद ठरवणे चुकीचे तर आहेच, शिवाय पुढच्या धावपटूंवर अन्याय करणारेही आहे.