अनाथालयांच्या जुन्या नोंदवह्या

नाशिकास अगर त्र्यंबकेश्वरास जाऊन आलेला गृहस्थ मोठ्या कौतुकाने सांगतो की, तेथील तीर्थोपाध्यायांनी आपल्या वहीतून त्याच्या पणजोबांचे नाव व त्यांची सही काढून दाखविली. गाव आणि कुळ सांगितले की पुरे. चार पिढ्या पानावर उभ्या राहतात. ज्या समाजाने वंशावळीची एवढी निगा राखिली, त्याच समाजात जन्मलेल्या काही माणसांस आपल्या आईचे नाव विचारीत दारोदार हिंडावे लागते. आमच्या अनाथालयांतून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत दत्तक गेलेली व आता प्रौढ झालेली मुले, ही ती माणसे होत.

हे दुःख एकट्या आपल्याच देशातले नव्हे. इंग्लंडातील धर्मादाय संस्थांनी १८६९ पासून पुढील साठ-सत्तर वर्षांत सुमारे एक लाख मुले कॅनडात धाडिली; दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी काही हजार ऑस्ट्रेलियात गेली. हेतू परोपकाराचा सांगितला जाई. शेतावर राबणारे स्वस्त हात आणि वसाहतींत गोऱ्या वस्तीची भर, हा हिशेबही त्यामागे होताच. यांतील पुष्कळांस ‘तुझे आईबाप वारले’ असे सांगण्यात आले आणि कित्येकांच्या बाबतीत ते धडधडीत असत्य होते. नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गारेट हम्फ्रीज यांनी या मुलांची कुटुंबे शोधण्यासाठी १९८७ साली एक संस्था स्थापिली, तेव्हा कोठे या प्रकरणाचा उलगडा होऊ लागला. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ साली व ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० साली जाहीर क्षमा मागितली. तोवर अनेकांच्या माता कालवश झाल्या होत्या, आणि मृतांस क्षमापत्रे पोहोचत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. भारतातून स्वित्झर्लंडात १९७३ ते २००२ या काळात दत्तक गेलेल्या मुलांविषयी झुरिक व थुरगाऊ या दोन प्रांतांनी संशोधन करविले. त्याचा ग्रंथ २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नावच मुळी ‘आई अज्ञात’ अशा अर्थाचे आहे. जन्मदात्यांचे संमतिपत्र दप्तरात नसताही मुले दिली-घेतली गेली, असे त्यात दिसून आले. माधवनगरच्या मागावरून उतरलेल्या कापडाचा गठ्ठा परगावी निघाला, तर त्याबरोबर बीजक जाते. सांगलीच्या पेठेतून हळदीचे पोते हलले, तर अडत, तोलाई आणि खरीददार यांची नोंद चोपडीत पडते. हळदीच्या पोत्याचा ठावठिकाणा आम्ही सांगू शकतो; सातासमुद्रापार गेलेल्या अर्भकाचा मात्र सांगू शकत नाही. व्यापारी वाचकांनी या गोष्टीचा आपल्याच मनाशी विचार करावा.

यावर असे म्हणणारे पुष्कळ भेटतील की, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती कशास उघडता? हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ साली पंढरपुरास तसेच गृह सुरू केले, तेव्हा गुप्ततेचे वचन हाच त्या कार्याचा प्राण होता. ते वचन नसते, तर फसलेल्या विधवांनी विहीर जवळ केली असती अथवा मुलाच्या नरड्याला नख लाविले असते. परंतु गुप्तता जगापासून राखावयाची होती. खुद्द लेकरापासून ती जन्मभर राखावी, असे त्यातून निघत नाही. जोतीराव व सावित्रीबाई यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा काशीबाई नामक विधवेचा पुत्र, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. म्हणून त्याचे काय उणे झाले? तो डॉक्टर झाला.

गुप्ततेच्या या पांघरुणाखाली पुढे निराळीच माणसे येऊन निजली, हेही सांगितले पाहिजे. परदेशी दत्तकातील गैरव्यवहारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले व त्यावरून १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले. त्यानंतरही दत्तकाच्या नावाखाली पैशाचे व्यवहार झाल्याचे आरोप आपल्याच प्रांतात न्यायालयापर्यंत गेले. पुण्यातील एका आश्रमातून जर्मनीत गेलेल्या मनुष्यास तर केवळ आपले कागद पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्या संस्थेने काही लपविले नाही, तिला वही उघडण्याची एवढी धास्ती का वाटावी, हे आम्हांस समजत नाही.

आजचा कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे अठरा वर्षे पुरी झालेल्या दत्तक व्यक्तीस केंद्रीय प्राधिकरणाकडे आपल्या मुळाचा शोध मागता येतो. तिऱ्हाइताच्या हाती मात्र ती माहिती द्यावयाची नाही व मातेच्या खाजगीपणास धक्का लावावयाचा नाही. नियम चांगला आहे. पण संस्थेकडे वहीच उरली नसेल, तर तो काय कामाचा? पन्नास वर्षांपूर्वीची दप्तरे म्हणजे वाळवीचे खाद्य. संस्था बंद पडली, की कागद रद्दीच्या वाटेने जातात. आणि कागद हाती लागत नाहीत म्हणून मग शोधणारा मनुष्य हाती छायाचित्र घेऊन गावात फिरतो, चावडीवर विचारतो. जिची अब्रू झाकावयाची, तिचीच अशाने गावभर चर्चा होते. नीट ठेवलेले दप्तर आईचे रक्षण अधिक चांगले करील. मध्यस्थाने एकांतात तिची इच्छा विचारावी. तिने नको म्हटले, तर तेथेच थांबावे. पण निदान तिने मागे ठेवलेली चिठ्ठी, आजाराची माहिती, जन्मगावाचे नाव एवढे तरी लेकरास मिळावे.

यास्तव आमची मागणी अशी की, अनाथालयांच्या व प्रसूतिगृहांच्या १९९० पूर्वीच्या सर्व नोंदवह्या सरकारने जिल्हावार गोळा कराव्यात, त्यांच्या छायाप्रती काढाव्यात व मूळ प्रती पुराभिलेखागारात ठेवाव्यात. सरकारची वाट न पाहता होण्यासारखेही एक काम आहे. आमच्या शहरांतील धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तमंडळांवर पेढीचे मालक, डॉक्टर व वकील अशी प्रतिष्ठित मंडळी बसतात. आपल्या दुकानाच्या खतावण्या ते किती काळजीने बांधून ठेवितात, हे आम्ही पाहतो. येत्या दिवाळीस चोपड्यांचे पूजन होण्यापूर्वी त्यांनी आपल्या संस्थेचे जुने कपाट एकदा उघडवावे, आत कोणत्या वर्षांच्या वह्या आहेत याची यादी करावी, व ती यादी जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावी.