कायदा उभा राहतो, वकील उभा राहिला तर!

दि. १५ जून १९६३. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहर. तीनच दिवसांपूर्वी कृष्णवर्णीयांचे नेते मेडगर एव्हर्स यांची त्यांच्या घराच्या अंगणात गोळी घालून हत्या झाली होती. अंत्ययात्रा संपली आणि संतप्त तरुणांचा जमाव शहराच्या मुख्य रस्त्याकडे वळला. समोर पोलिसांची सशस्त्र फळी. जमावातून विटा आणि बाटल्या भिरकावल्या जाऊ लागल्या. गोळीबाराचा आदेश कोणत्याही क्षणी सुटला असता. अशा वेळी नुसत्या सदऱ्यातील एक उंच गोरा माणूस पोलिसांची फळी ओलांडून एकटाच जमावापुढे जाऊन उभा राहिला. त्याने आपले नाव सांगितले, आपण न्याय खात्याचे आहोत हे सांगितले आणि आपण न्यायाच्या बाजूने उभे आहोत हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे, असे तो म्हणाला. जमाव हळूहळू पांगला.

या माणसाचे नाव जॉन डोअर. तो लोकनेता नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, की निवडणुकीला उभा असलेला उमेदवारही नव्हता. तो सरकारी वकील होता. नागरी हक्कांच्या कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय वकिलांच्या पथकाचे प्रत्यक्ष नेतृत्व त्याच्याकडे होते. उभ्या दक्षिण अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा सरकारी माणसावर काडीचाही विश्वास उरलेला नव्हता, तेव्हा एका सरकारी वकिलाच्या शब्दाखातर जमाव मागे का फिरला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशातील कायदेपंडितांनी, गृहखात्यांनी आणि सामाजिक न्यायाच्या नावाने व्यासपीठे गाजवणाऱ्यांनी शोधण्याची नितांत गरज आहे.

कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेने १८७० सालीच दिला होता. प्रत्यक्षात दक्षिणेतील राज्यांनी तो नोंदणी कार्यालयाच्या उंबरठ्यावरच गाडून टाकला. १९५७ साली नागरी हक्क कायदा झाला आणि न्याय खात्यात स्वतंत्र नागरी हक्क विभाग स्थापन झाला. तरीही पहिली काही वर्षे हा विभाग बव्हंशी वॉशिंग्टनमध्ये बसून कागद हलवीत राहिला. १९६० साली डोअर तेथे रुजू झाले. ते रिपब्लिकन पक्षाचे. आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आलेले. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाचे केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले, विभागाची सूत्रे बर्क मार्शल यांच्याकडे गेली, पण डोअर यांना कोणी हलविले नाही. १९६५ ते १९६७ या काळात तेच विभागाचे प्रमुख होते. पक्ष बदलला म्हणून वकील बदलला नाही, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी.

डोअर यांनी काय केले? त्यांनी वकिलांना खुर्चीवरून उठविले. टेनेसी राज्यातील हेवूड आणि फेएट परगण्यांत मतदार म्हणून नाव नोंदविणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांना जमीनमालकांनी बेदखल करण्यास सुरुवात केली, तेव्हा ते स्वतः तेथे गेले, कुळांना भेटले, त्यांच्या हातातील नोटिसा पाहिल्या. अहवाल मागवून ते थांबले नाहीत. पुढे हीच विभागाची कार्यपद्धती झाली. विभागाचे तरुण वकील आठवडेच्या आठवडे अलाबामा आणि मिसिसिपीच्या खेड्यांतून फिरत, शेतावर आणि चर्चमध्ये साक्षीदार शोधत, त्यांचे जबाब स्वतः लिहून घेत. १९६० च्या कायद्याने नोंदणीची दप्तरे तपासण्याचा अधिकार मिळताच त्यांनी ती पानापानाने पालथी घातली. जेमतेम लिहिता येणारा गोरा अर्जदार राज्यघटनेच्या परीक्षेत उत्तीर्ण आणि पदवीधर कृष्णवर्णीय शिक्षक अनुत्तीर्ण, हा अन्याय त्यांनी भाषणातून नव्हे, तर नोंदणी अधिकाऱ्याच्याच हस्ताक्षरातून न्यायालयापुढे सिद्ध केला. पुराव्याला आवाज चढवावा लागत नाही.

१९६२ च्या शरद ऋतूत जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देताना दंगल उसळली. दोन जण ठार झाले. त्या रात्री आणि पुढील काही दिवस डोअर मेरेडिथबरोबर वसतिगृहातच राहिले. न्यायालयाचा आदेश मिळविणे हे वकिलाचे अर्धे काम. त्या आदेशाबरोबर दारापर्यंत चालत जाणे हे उरलेले अर्धे, असा त्यांच्या वागण्याचा अर्थ होता.

खरी कसोटी पुढेच होती. मार्च १९६५ मध्ये व्हायोला लिउझो ही पाच मुलांची गोरी माता सेल्मा ते मॉन्टगोमेरी पदयात्रेच्या साहाय्याला आली असता क्लू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी तिची हत्या केली. राज्याच्या न्यायालयात एका ज्यूरीत एकमत झाले नाही. दुसरीने मुख्य आरोपीला निर्दोष सोडले. अशा वेळी हात झटकणे सोपे होते. डोअर यांनी त्याच वर्षी संघीय न्यायालयात खटला उभा केला आणि डिसेंबरमध्ये तिघा आरोपींना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. आधार कोणता? १८७० च्या सुमारास केलेला आणि धूळ खात पडलेला जुना कायदा!

त्याच कायद्याचे कलम फिलाडेल्फिया गावाजवळच्या हत्याकांडात उपयोगी पडले. २१ जून १९६४ रोजी तेथे चेनी, गुडमन आणि श्वेर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला आणि कटात खुद्द उपशेरीफ सामील होता. मिसिसिपी राज्याने खुनाचा गुन्हा दाखल करण्याचे नाकारले. संघीय न्यायाधीशाने बहुतेक आरोप रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ते पुन्हा जिवंत केले. ऑक्टोबर १९६७ मध्ये मेरिडियन येथे, सर्वच्या सर्व गोऱ्या ज्यूरीपुढे, डोअर यांनी स्वतः खटला चालविला. उपशेरीफसह सात जण दोषी ठरले. शिक्षा तीन ते दहा वर्षांच्या. तीन खुनांना ही शिक्षा अपुरीच होती. परंतु गणवेशातील माणसालाही न्यायालयात खाली मान घालून उभे राहावे लागते, हे त्या राज्याने पाहिले.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचा येथे हेतू नाही. कार्यकर्ते मार खात असताना केंद्रीय अधिकारी कडेला उभे राहून टिपणे घेत, संरक्षण हे राज्याच्या पोलिसांचे काम आहे असे सांगत. तरुणांचा याविषयीचा संताप रास्तच होता. एकेक परगण्यावर खटला भरण्यात वर्षे जात. एक नोंदणी अधिकारी हरला की दुसरा नवी युक्ती काढी. परंतु या अपयशाचीही त्या वकिलांनी नोंद ठेवली. खटल्यागणिक हक्क मिळत नाहीत, हे त्यांच्याच दप्तरांनी सिद्ध केले आणि त्यातून १९६५ चा मतदान हक्क कायदा अधिक धारदार झाला. १९६४ मध्ये मिसिसिपीत जेमतेम ६.७ टक्के कृष्णवर्णीय प्रौढ मतदार यादीत होते. १९६७ पर्यंत ते प्रमाण ५९.८ टक्क्यांवर गेले. कायदा लिहिणारा आणि कायदा लढविणारा यांच्यात संवाद असला की काय घडते, त्याचा हा पुरावा.

आता आपल्या घराकडे पाहू. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाले. म्हणजे अमेरिकेच्या आधुनिक नागरी हक्क कायद्याच्या दोन वर्षे आधी आपण कायदा केला. याच अधिनियमाच्या कलम १५-अ मध्ये खटले दाखल करण्यासाठी व त्यांवर देखरेख ठेवण्यासाठी अधिकारी नेमावेत, विशेष न्यायालये स्थापावीत, पीडितांना कायदेशीर साहाय्य द्यावे, असे लिहून ठेवले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात विशेष सरकारी अभियोक्त्याची तरतूद आहे. १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान सात वर्षे वकिली केलेल्या नामवंत वकिलांची यादी हवी, जानेवारी व जुलैमध्ये त्यांच्या कामाचा आढावा हवा, पीडिताची इच्छा असल्यास त्याच्यासाठी ज्येष्ठ वकील नेमण्याची मुभाही हवी. २०१५ च्या दुरुस्तीने दोषारोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा, असे सांगितले. कागदावर काय कमी आहे? काहीही नाही. कमी आहे तो डोअर!

आपल्याकडे सरकारी वकिलाची नेमणूक ही पुष्कळदा सत्तापालटानंतरची बिदागी असते. त्याच्या हाती कागद येतात ते तपास संपल्यावर. साक्षीदाराचे तोंड तो पाहतो ते साक्षीच्या दिवशी, न्यायालयाच्या व्हरांड्यात. तोवर गावात तो साक्षीदार वर्ष-दोन वर्षे त्याच सावकाराच्या, त्याच पाटलाच्या, त्याच पाणवठ्याच्या दयेवर जगलेला असतो. तो फितूर झाला की आपण त्याला दोष देतो! महाराष्ट्रात तर सहायक अभियोक्ते पोलीस खात्याच्याच अधिपत्याखाली होते. अभियोग यंत्रणा त्यापासून वेगळी करा, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये सांगावे लागले.

खैरलांजीचे उदाहरण जुने झालेले नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात एका दलित कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. मोर्चे निघाले, जाळपोळ झाली, लेखणी परजल्या गेल्या. २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. परंतु ज्या कायद्यासाठी समाज रस्त्यावर आला, तो अत्याचार प्रतिबंधक कायदा विशेष न्यायालयात सिद्ध होऊ शकला नाही. घटनेला जातीचा संदर्भ होता, हे सिद्ध करण्याचे काम घोषणांचे नव्हते. पहिल्या पंचनाम्यापासून पुरावा वेचण्याचे ते काम होते.

येथे दोन्ही बाजूंना खडसावले पाहिजे. अत्याचार घडला की कॅमेऱ्यांसह गावात उतरणारे आणि पहिल्या तारखेलाच गायब होणारे तथाकथित पुरोगामी पीडिताला एकटे सोडतात. खटला दहा वर्षे चालतो, आणि त्या दहा वर्षांत त्यांना त्या गावाचे नावही आठवत नाही. दुसरीकडे समरसतेची भाषा बोलणारे पुष्कळ सज्जन असे समजतात की, मने बदलली की सारे आपोआप होईल. कायद्याने कटुता वाढते. मने बदललीच पाहिजेत. पण मने बदलेपर्यंत विहिरीवरून हाकलली गेलेली बाई पाणी कोठून भरणार? ज्या गावात गुन्हेगाराला शिक्षा होत नाही, त्या गावात समरसता हे दुबळ्याला दिलेले मौनाचे दुसरे नाव ठरते.

कायद्याचा गैरवापर होतो, हा आक्षेपही नेहमी घेतला जातो. होत असेल, तर त्यावर उपायही निष्णात आणि स्वतंत्र अभियोक्ता हाच आहे. जो पुरावा कसून तपासतो, तोच खोटा खटला पहिल्याच दिवशी ओळखतो. दुबळा सरकारी वकील निरपराधालाही वर्षानुवर्षे खेटे घालायला लावतो आणि अपराध्यालाही सोडून देतो.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक राज्यात नागरी हक्कांच्या खटल्यांसाठी वकिलांचे कायमस्वरूपी, स्वतंत्र पथक हवे. तपासाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी गावात पोहोचले पाहिजे. नेमणुका गुणवत्तेवर आणि ठरावीक मुदतीच्या असाव्यात. सरकार बदलले की वकील बदलणार नाही, अशी कायद्याची भिंत हवी. या भिंतीची गरज खुद्द अमेरिकेलाही कळली आहे. २०२५ मध्ये चंदीगडमध्ये जन्मलेल्या हरमीत धिल्लन त्या विभागाच्या प्रमुख झाल्या, प्राधान्यक्रम पालटले आणि विभागातील बहुसंख्य वकील बाहेर पडले. त्या नव्या धोरणाबद्दल कोणाचे काहीही मत असो. एका निवडणुकीने जी यंत्रणा रिकामी होते, तिच्यावर पीडिताने किती भरवसा ठेवावा?

राज्यघटना कितीही चांगली असली, तरी ती राबविणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरेल, हा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच संविधान सभेत दिला होता. त्यांनी कायदा दिला. तो हातात घेऊन गावाच्या वेशीपर्यंत चालत जाणारा माणूस देणे हे आपले काम होते. ते काम अद्याप शिल्लक आहे.