मार्गदर्शकाच्या मेजावरील प्रकरण

संशोधक विद्यार्थ्याचे मार्गदर्शन ही गुरुशिष्यांमधील खाजगी बाब आहे, तीत तारखा आणि नोंदी आणू नयेत, असे विद्वान मंडळी म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही.

खुर्सीपारमध्ये राहणाऱ्या आम्हां मराठी कारकुनांच्या घरांतून आता पीएच.डी.साठी नावे नोंदविली जात आहेत. या तरुणांची तक्रार एकच : प्रकरण लिहून दिले आहे, सर अजून वाचीत आहेत. हे वाचन कधीकधी सहासहा महिने चालते. कचेरीत साधा अर्ज आला तरी त्यावर आवक क्रमांक व तारीख पडते. तो कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे विचारता येते. वर्षभराच्या श्रमाने सिद्ध झालेल्या प्रकरणाला तेवढाही मान नसावा काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थ्यांची मर्यादा घातली आहे. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगतीचा अहवाल ठेवावयाचा, तोही विद्यार्थ्यानेच. नियम चांगले आहेत. परंतु डोकी मोजल्याने वाचन होत नाही. अध्यापनाचा व परीक्षांचा भार ज्यांना पेलवत नाही, त्यांनी थोडे विद्यार्थी घ्यावेत. ८ ही कमाल मर्यादा आहे, कर्तव्य नव्हे.

हिशेब मागितल्याने गुरूचा अधिकार उणावतो, हा आक्षेपही पोकळ आहे. तो अधिकार शिष्याच्या मुकाट्याने वाट पाहण्यावर उभा नसतो. मुंबई विद्यापीठातील गो. स. घुर्ये भारतीय विद्येच्या वाटेने समाजाकडे पाहणारे; अ. र. देसाई मार्क्सवादी. तरीही देसाई यांनी १९४६ साली पीएच.डी. मिळविली ती घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली, आणि भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील तो प्रबंध १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मार्गदर्शकाचा मतभेद शिष्याला बाधत नाही. बाधते ते मौन. मतभेदाला उत्तर शोधता येते, मौनाला काय उत्तर द्यावे?

आमची मागणी माफक आहे. प्रकरण हाती येताच तारखेसह पोच द्यावी, ३० दिवसांत लेखी शेरा द्यावा, आणि या दोन्ही तारखा सल्लागार समितीपुढे याव्यात.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांच्या सहीने फायली पुढे सरकतात. न वाचता केलेल्या सहीचे मोल आपणांस सांगावयास नको. आपल्या मुलांच्या प्रबंधावर तशी सही पडू नये असे वाटत असेल, तर ही मागणी आपापल्या गावच्या विद्यापीठास लेखी कळवावी.