फाजील आत्मविश्वासाचा खर्च कोणाचा?

घरांतील एखाद्या तरुणानें नोकरी सोडून स्वतंत्र धंदा काढण्याचा मनोदय प्रकट केला, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींत दोन तट पडतात. एक पक्ष त्याच्या धडाडीचें कौतुक करतो. दुसरा तिला घमेंड म्हणतो. या जुन्या वादांत आतां संगणकासही साक्षीस बोलावतां येतें. मात्र ती साक्ष नेमकी काय आहे, हें नीट पाहिल्यावांचून तिचा आधार घेणें इष्ट नव्हे, असें आम्हांस वाटतें.

एडिंबर्ग येथील डॉमिनिक जॉन्सन व सॅन डिएगो येथील जेम्स फाउलर या प्राध्यापकांनीं २०११ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत एक गणिती प्रतिकृति मांडली. तींत दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी आहेत व त्यांच्यामध्यें एक लाभाची वस्तु आहे. दोघांनींही तिच्यावर हक्क सांगितला, तर झगडा होतो. त्याचा खर्च दोघांसही सोसावा लागतो आणि वस्तु बलवत्तराच्या पदरीं पडते. एकानेंच हक्क सांगितला, तर ती त्यास फुकट मिळते. दुसऱ्याच्या बळाचा अंदाज मात्र प्रत्येकास चुकतमाकतच करावा लागतो. अशा खेळांत स्वतःस वाजवीहून थोर समजणारे, यथार्थ जाणणारे व कमी लेखणारे असे सर्व घालून पिढ्यान्‌पिढ्या हिशेब चालविला, तर टिकतो कोण? लाभ खर्चाच्या मानानें पुरेसा मोठा असेल, तर फाजील आत्मविश्वासी! कारण बलवान प्रतिस्पर्धी कधीं कधीं चुकून माघार घेतो व याचें आयतेंच फावतें. शिवाय जिंकण्याजोगा डाव हा सहसा सोडीत नाहीं. खर्च लाभाच्या तोडीचा झाला, म्हणजे मात्र निकाल इतका सरळ राहत नाहीं.

हें वाचून धाडसाची पाठ थोपटण्याचा मोह कोणासही होईल. परंतु या हिशेबांत झगड्याचा खर्च हक्क सांगणाराच सोसतो, ही अट विसरून चालणार नाहीं. व्यवहारांत तसें असतें काय? कंपनीचा मुख्याधिकारी चुकला, तर भार भागधारकांवर व कामगारांवर पडतो. एकत्र कुटुंबांत राहतें घर गहाण पडतें आणि सुनेचे दागिने बँकेंत तारण जातात. खर्च परक्याच्या खिशांतला असला, कीं मनुष्यास तो दिसेनासा होतो. मग त्याचा आत्मविश्वास वाढला तर नवल कसलें? संगणकानें दिलेलें प्रशस्तिपत्र अशा धाडसास लागू पडत नाहीं.

अनुभव हा या दोषावर उतारा आहे, असेंही समजूं नये. अमेरिकन कंपन्यांच्या वित्ताधिकाऱ्यांनीं दहा वर्षांत केलेलीं १३,३०० हून अधिक भाकितें बेन-डेव्हिड, ग्रॅहॅम व हार्वे यांनीं तपासलीं व त्यांचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. शेअरबाजाराच्या उत्पन्नाची अशी खालची व वरची मर्यादा अपेक्षित होती, कीं शंभरांतून ८० वेळां खरा आंकडा तिच्या आंत पडावा. प्रत्यक्षांत तो ३६ वेळांच आंत पडला. आणि हीं तर आंकड्यांवरच पोट भरणारीं माणसें!

तेव्हां घरच्या बैठकींत ‘धंदा चालेल काय?’ असें विचारण्यांत फारसें हंशील नाहीं. उत्तर ‘चालेल’ असेंच येणार. पहिल्या वर्षीं कमींत कमी व जास्तींत जास्त किती प्राप्ति होईल, हे दोन आंकडे त्या तरुणाकडून लिहून घ्यावे, त्यांखालीं तारीख घालून कागद दप्तरांत ठेवावा व वर्षअखेर काढून पाहावा. धंदा बुडाल्यास कोणाचें काय जाईल, हेंही त्याच कागदावर नांवनिशीवार मांडावें. आणि ज्यांचीं नांवें त्यांत येतील, त्या सर्वांस, मग तीं त्या वेळीं स्वयंपाकघरांत कां असेनात, बैठकीस बोलावावें.