ऑर्डर फोनवर, शर्ती हवेवर!

मालेगाव-भिवंडीचे आमचे यंत्रमागधारक बांधव संगणकाचे नाव काढताच बिचकतात. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला २०१८ पासून ई-वे बिल सक्तीचे झाले, म्हणून मुलगा ते मोबाईलवर काढतो, इतकेच. पिक किती, पन्हा किती, पैसे कोणत्या तारखेला, हे सारे अजून तोंडी!

मागे आम्ही ४८ पिकचे कापड मागवले, उतरले ४४ चे. विणकर म्हणाला, दलालाने ४४ च सांगितले होते. लेखी चिटोराही नव्हता. आम्ही त्याचे पैसे तीन महिने अडवले. आज त्याची शरम वाटते.

सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. मात्र उद्यम नोंदणी हवी, आणि माल कधी पोचला याचा पुरावा हवा. तो कुठून आणणार?

महागडे सॉफ्टवेअर राहू द्या. ऑर्डर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, ताके उतरताच पोच मागा. आम्ही व्यापारी लिहून द्यायला कां-कूं करू. तरीही मागा.