शाळांच्या वर्षअखेरच्या सूचना

एप्रिल महिना सरत आला, कीं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्राथमिक शाळांच्या सूचना घरोघर सुटूं लागतात. निकालाचा दिवस, खासगी शाळा असल्यास फीची बाकी, दाखला नेण्याची मुदत, जूनमध्यें शाळा उघडण्याची तारीख, असा त्यांतील मजकूर असतो. पूर्वीं ही चिठ्ठी मुलाच्या दप्तरांतून येई. आतां ती बहुधा मोबाईलवर येते. मार्ग बदलला, परंतु ज्याच्यासाठीं ती निघाली त्यास ती कळली कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हांही क्वचितच विचारला जाई व आजही क्वचितच विचारला जातो.

प्रश्न क्षुल्लक नव्हे. उपनगरांतील कित्येक आईबाप पहांटेची लोकल गांठतात, रिक्षा चालवितात, चार घरचीं धुणींभांडीं करितात. मे महिन्यांत अनेक कुटुंबें कोंकणांत किंवा घाटावर आपल्या गांवीं जातात. इंग्रजी मजकुरांत दडलेली एक तारीख त्यांच्या नजरेंतून निसटली, तर तिचें प्रायश्चित्त मुलास भोगावें लागतें. ज्या शाळेंत चौथीपर्यंतच वर्ग आहेत, तेथील मुलास तर सुटींतच नवी शाळा शोधावी लागते. एप्रिल आणि जून यांमधील या अरुंद पुलावरूनच गरिबाचें मूल, त्यांतही मुलगी, खालीं पडण्याचें भय अधिक.

दिवाणी न्यायालयाचा साधा नियम पहा. प्रतिवादीवर समन्स रीतसर बजावलें गेल्याचें सिद्ध झाल्यावांचून त्याच्याविरुद्ध एकतर्फी काम चालवितां येत नाहीं. पैशाच्या दाव्यांत कायदा जी काळजी घेतो, ती सात वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाविषयीं शाळेनें घेऊं नये काय?

शिवाय या सूचनांत पालकांचीं कर्तव्यें ठळक असतात. हक्क बहुधा नसतातच. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या ५ व्या कलमानें शाळा बदलणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकानें तात्काळ द्यावयाचा आहे. दाखल्यास उशीर झाला एवढ्या सबबीवर सरकारी वा अनुदानित शाळेस प्रवेश अडवितां येत नाहीं. वयाचा पुरावा नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं, असें १४ वें कलम सांगतें. पांचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेंत अनुत्तीर्ण होणाऱ्यास निकालापासून दोन महिन्यांच्या आंत पुनः परीक्षेची संधी २०१९ च्या दुरुस्तीनें दिली आहे. हीं चार वाक्यें छापण्यास कितीशी शाई लागेल?

शाळाचालक म्हणतील, आमच्या मुलांच्या घरीं अनेक भाषा. हें लिहावें कोणी? त्यांस आमचें उत्तर असें कीं, महाराष्ट्रांतील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय २०२० च्या कायद्यानें सक्तीचा झाला आहे. तेव्हां मराठी लिहिणारा शिक्षक शाळेंत असलाच पाहिजे. मुंबई महानगरपालिका तर आठ भाषांतून शाळा चालविते. ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस तोच मजकूर शिक्षकानें आपल्या आवाजांत दोन मिनिटांत ऐकवावा. पालकांनींही संकोच सोडून विचारलें पाहिजे. मुलास शिक्षणाची संधी देणें हें राज्यघटनेनेंच त्यांचें कर्तव्य ठरविलें आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं १९११ सालीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें; तें १९१२ सालीं फेटाळलें गेलें. स्वराज्यांतही या हक्कास घटनेंत स्थान मिळण्यास २००२ साल उजाडलें, आणि कायदा झाला २००९ सालीं. इतक्या प्रतीक्षेनें मिळालेला हक्क एका न समजलेल्या चिठ्ठीपायीं बुडावा, हें स्वराज्यास शोभणारें नव्हे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: सूचना एक पानाची असावी, मराठींत असावी व जरूर तेथें घरच्या भाषेंतही असावी, वर तारखा, खालीं हक्क असावेत. जिचा पोंच आला नाहीं, त्या घरीं सुटी लागण्यापूर्वीं वर्गशिक्षकानें स्वतः चौकशी करावी. सूचना पाठविली म्हणजे शाळेचें काम संपलें असें नव्हे. जूनमध्यें तें मूल वर्गांत बसलेलें दिसेल तेव्हांच तें संपेल.